माळ्यावरचे बूट, हातातला दोर: आल्प्सच्या हिमनद्यांवर जाताना या चुका टाळा

चवथ संपली की मला फोन यायला लागतात. फोंडा, म्हापसा, मडगाव, कधी सावंतवाडीहूनही. "काका, एप्रिलमध्ये आल्प्समधली शामोनी ते झरमॅट वाट स्कीवरून करतोय. गाइड ठरलाय, डोंगरातल्या मुक्कामाच्या हटचं बुकिंग झालंय, व्हिसाचं चाललंय. अजून काय लागेल?" मी विचारतो, बूट कधी घेतलेत? दोराला बांधून कधी चाललायत? पलीकडे जरा शांतता, आणि मग ठरलेलं उत्तर: "गाइड आहे ना."

सगळं बिघडतं ते इथून. गाइड वाट काढतो, हवामान वाचतो, बर्फाखालच्या भेगा ओळखतो, वेळ पडली तर भेगेतून बाहेरही काढतो. पण तुमचे बूट, तुमचा दम आणि स्कीवरची तुमची वळणं त्याच्या हातात नसतात. शिवाय एका दोरातली सगळी माणसं एकाच चालीने चालतात, त्यामुळे एकाची कच्ची तयारी बाकीच्यांना भोगावी लागते. मी गाइड नाही. बरीच वर्षं तिकडे जातोय, गोव्यातून जाणाऱ्यांची तयारी करून घेतोय, आणि त्याच त्या चुका पाहून वैतागलोय. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

जुने 'नवेकोरे' बूट

चांगल्या गिर्यारोहणाच्या बुटात रबरी सोल आणि वरचं चामडं यांच्या मध्ये एक मऊ थर असतो, बहुतेकदा पॉलियुरेथेनचा. हवेतल्या बाष्पाने तो थर आतून सुटत जातो. त्याला हायड्रोलिसिस म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस तो खारी बिस्किटासारखा भुगा होतो. बूट वापरले नाहीत तरी हे घडतं. उलट पडून राहिलेल्या बुटांत जास्तच घडतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामडी पट्ट्यावर चार दिवसांत बुरशी धरते. मग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकलेल्या बुटांचं काय होत असेल?

एका जुलैतली गोष्ट. आम्ही चौघे आणि गाइड, उन्हाळ्यातली पायी वाट. काबान दे दीस ही हट 2928 मीटरवर आहे, समोर माँ ब्लाँ द शेलों शिखराची काळीपांढरी उत्तर भिंत. पहाटे हट सोडली. शेलों हिमनदी ओलांडायची, पा द शेव्रच्या लोखंडी शिड्या चढायच्या आणि पुढे व्हिन्येत हट गाठायची, असा बेत. आमच्यातल्या एकाचे बूट दिसायला कोरे करकरीत. सात वर्षांपूर्वी घेतलेले, दोनदा घातलेले, बाकीचा सगळा काळ फोंड्याच्या घरात माळ्यावर खोक्यात. हिमनदी अर्धी ओलांडली नि त्याचा उजवा क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटाखाली बांधायचा लोखंडी काट्यांचा सांगाडा, डुगडुगायला लागला. त्याला वाटलं पट्टा सैल झालाय. वाकून पाहिलं तर टाचेपासून सोलच सुटलेला आणि क्रॅम्पॉनसकट लोंबतोय. पाऊण तासात डावाही गेला. दोन्ही बुटांचं वय एकच, त्यामुळे ते जातातही एकाच दिवशी.

गाइडने पातळ दोरी काढली, सोलखालून वेटोळे घेत घोट्याशी आवळली, वरून चिकटपट्टी गुंडाळली. क्रॅम्पॉन काढूनच टाकावे लागले, कारण त्यांना धरायला सोल उरला नव्हता. उघड्या बर्फावर गाइड त्याला एकेक पाऊल कुठे टाकायचं ते दाखवत नेत होता. एरवी तासाभराचं ते अंतर कापायला आम्हाला तीन तास लागले. शिड्या चढून आम्ही सरळ आरोला गावात उतरलो. व्हिन्येत गेली, त्यापुढची बेर्तोलही गेली. गाइड एक, दोर एक, म्हणून उरलेल्या तिघांनाही वाट सोडावी लागली. त्यांतल्या एक बाई पन्नाशीच्या, दोन वर्षं दर रविवारी पारोड्याचा चंद्रनाथ चढून तयारी केलेल्या. आरोलाच्या बसथांब्यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. निघण्यापूर्वी सगळ्यांचे बूट हातात घेऊन पाहायचं मला सुचलं नव्हतं, ते मला अजून लागतं.

तेव्हापासून माझा नेम आहे. चवथीच्या साफसफाईत सगळं सामान हॉलमध्ये चादरीवर काढतो. बुटाच्या मधल्या थरावर अंगठा जोरात दाबतो, बूट दुमडून बघतो. बारीक भेगा, भुकटी, चिकटपणा, यांतलं काहीही दिसलं तर बूट बाद. पाच वर्षांपुढचे बूट मी हिमनदीवर नेत नाही. हा माझा हिशेब आहे, कोणाला जास्त कडक वाटेल, पण मी त्यात सूट देत नाही. नवे घेतले तर जाण्यापूर्वी भरल्या सॅकसह निदान पाच-सहा चढाया त्यांत व्हायला हव्यात. फेविक्विक लावून चालेल का, असं मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. नाही चालणार. चिकटवणार कशाला? तिथे भुगाच असतो.

बाकीच्या सामानाचंही तसंच. ट्रान्सीव्हरमध्ये (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायच्या यंत्रात) सेल ठेवून पावसाळा काढला तर ते फुटून आतली पट्टी खातात. क्रॅम्पॉनला खाऱ्या हवेने गंज चढतो, मी यंत्राच्या तेलाचा हात फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळतो. चढताना स्की मागे घसरू नये म्हणून तिच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या, म्हणजे स्किन; त्यांचा गोंद मे महिन्यात पत्र्याखालच्या उकाड्यात वितळून लपका होतो. त्या जाळीचा कागद मध्ये घालून घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवायच्या. आमच्या घरात ती जागा म्हणजे तांदळाच्या पिंपामागचा कोपरा.

दोर हातात गोळा करणं

हे पाहिलं की माझा आवाज चढतो.

हिमनदी वाहत असते. उतार बदलला की बर्फ ताणला जाऊन फाटतो आणि त्या भेगांवर ताजं हिम साचून पूल तयार होतो. वरून सपाट पांढरं मैदान दिसतं. तो पूल तुमच्याखाली मोडलाच, तर पुढचा आणि मागचा माणूस तुम्हाला धरणार, पण दोर ताठ असला तरच. बर्फाला जेमतेम टेकेल, इतकाच त्याला झोळ हवा. नवशिक्याला दोर पायात येतो, मग तो दोन-तीन वेटोळी हातात घेतो आणि पुढच्याच्या जवळ सरकतो. त्याला वाटतं आपण शहाणपणा केला. प्रत्यक्षात त्याने आपली पडायची उंची वाढवलेली असते. तेवढ्या मोकळ्या पडण्याने आलेला हिसका मागच्यालाही पाडतो, आणि वेटोळं मनगटाभोवती आवळलं तर हात जायबंदी होतो.

आलेच ही आल्प्समधली सर्वांत लांब हिमनदी. एका ऑगस्टमध्ये युंगफ्राउयोखहून कॉन्कॉर्डिया हटकडे उतरत होतो. ऊन वर आलेलं, बर्फ भाताच्या पेजेसारखा ओला. तिसऱ्या क्रमांकावर पणजीचा एक तरुण होता, एका हातात फोन, दुसऱ्यात दोराची वेटोळी. गाइडने दोनदा मागे वळून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायच्या आत तो कमरेच्याही खाली गेला. मागची मुलगी पोटावर आपटून चार हात ओढली गेली. सॅक भेगेच्या काठाला अडकली म्हणून तो तिथेच थांबला. फोन खाली गेला, गुडघा मुरगळला. त्याला वर काढायला वीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ आम्ही सगळे आइस ॲक्स (बर्फाची कुदळ) रोवून जागच्या जागी बसलो होतो.

पुढची शिक्षा हटच्या पायथ्याशी होती. कॉन्कॉर्डिया हट 1877 साली बांधली, तेव्हा हिमनदी तिच्या बरीच जवळ होती. आता बर्फ इतका खाली गेलाय की कड्यावरच्या चारशेहून जास्त लोखंडी पायऱ्या चढाव्या लागतात. त्या मुरगळलेल्या गुडघ्याने तो त्या चढला.

दोराची सवय घरी करता येते. मिरामारच्या वाळूत चौघांनी दहा-दहा मीटरवर बांधून घ्या आणि अर्धा तास चाला, वळणं घ्या, एकाने मुद्दाम थांबून बघा. लोक बघतात, बघू देत. फोटो काढायचा तो गाइड थांबायला सांगेल तिथेच.

आणि पहाटे उठा. रात्रीच्या गारठ्याने हे हिमपूल घट्ट होतात, दुपारी सैलावतात, म्हणून तर हटवर चारला नाश्ता मिळतो. सॅक रात्रीच भरून ठेवा. पहाटे अंधारात प्लास्टिकच्या पिशव्या वाजवत मोजे शोधणाऱ्या माणसामुळे अख्खी खोली जागी होते आणि आपला दोर अर्धा तास उशिरा निघतो.

स्कीचा शॉर्टकट

शामोनी ते झरमॅट ही वाट, जिला ओत रूट म्हणतात, स्कीवरून पहिल्यांदा 1911 मध्ये पार झाली. त्यानंतर तिचा बोलबाला एवढा झाला की गुलमर्गला आठवडाभराचा एक कोर्स केला की लोकांना थेट तीच हवी असते. नका करू. सरावलेल्या उतारावर वळणं घेणं वेगळं आणि दहा किलोची सॅक पाठीवर घेऊन, सकाळी काचेसारख्या टणक आणि दुपारी चिखलासारख्या झालेल्या बर्फावर उतरणं वेगळं. गुलमर्ग किंवा औलीला निदान तीन हंगाम काढा, चढावरचं किक टर्न (जागच्या जागी स्की उचलून दिशा बदलणं) झोपेतही जमेल इतकं घोटा. ते जमत नसेल तर उन्हाळ्यात पायी जा, ती वाट मुळीच कमी प्रतीची नाही. घाई करणाऱ्यांना हे पटत नाही, मग दुसऱ्याच दिवशी गाइड त्यांना खाली पाठवतो.

हिमस्खलनात गाडलेल्याला वाचवायला हातात पहिली दहा-पंधरा मिनिटं असतात. तेवढ्यात हेलिकॉप्टर येत नाही, तुमच्या शेजारचा माणूसच खणतो. म्हणून ट्रान्सीव्हर, प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं आणि वापरता यायला हवं. आम्ही भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत पिशवीत घालून ट्रान्सीव्हर पुरतो आणि घड्याळ लावून शोधतो. मोरजी, आगोंदला हे करू नका, तिथे कासवांची घरटी असतात. शोधताना फोन यंत्रापासून निदान अर्धा मीटर लांब, शक्यतो बंदच. बहुतेकांचा वेळ शोधण्यात जात नाही, खणण्यात जातो, तेव्हा फावडं चालवायचाही सराव करा.

बाकीच्या, थोडक्यात

विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी तीन हजार मीटरवर झोपायला जाणं. आपण समुद्रसपाटीची माणसं. युंगफ्राउयोखला रेल्वेच 3454 मीटरवर नेऊन सोडते, त्यामुळे मोह होतो. आधी दोन रात्री दोन-अडीच हजारांच्या आसपास काढा. डोकेदुखी लपवू नका.

"आमचं कातडं सावळं, आम्हाला ऊन लागत नाही." लागतं. ताजं हिम बरीचशी अतिनील किरणं परत वर फेकतं, म्हणून नाकपुड्यांच्या आत आणि हनुवटीखालीही क्रीम लावा. गॉगल बाजूंनी बंद असलेलाच हवा.

सुती बनियन. घामाने भिजला की वाळत नाही, आणि खिंडीत वारा लागला की दात वाजतात. निघताना थोडी थंडी वाजू द्या, दहा मिनिटांत अंग तापतं.

सराव म्हणून मोलेच्या सपाट रस्त्यावर धावणं. चढ हवा. चंद्रनाथ, सत्तरीतला सोंसोगड, चोर्ल्याचा घाट, आणि पणजीकरांना आल्तिनोच्या पायऱ्या. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा, वर पोचल्यावर पाणी ओतून द्या म्हणजे उतरताना गुडघे वाचतील.

विमा. शेंगेन व्हिसासाठी काढलेल्या पॉलिसीत गिर्यारोहण बहुधा वगळलेलं असतं. हिमनदी, दोर, पिस्टबाहेरचं (आखून दिलेल्या उतारांबाहेरचं) स्कीइंग आणि हेलिकॉप्टरची सुटका हे चारही शब्द पॉलिसीत शोधा. संकटात 112, स्वित्झर्लंडच्या व्हॅले भागात 144.

हटवर झोपायला स्वतःचं लायनर (पांघरुणाच्या आत घ्यायची पातळ कापडी पिशवी) न्या, सक्तीचं असतं. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा, तिथे सामान बहुधा हेलिकॉप्टरने येतं, आयत्या वेळी वेगळं शिजत नाही. रोख फ्रँक जवळ ठेवा. लोणच्याची छोटी बाटली चालेल, तीन किलो लाडू नकोत. जाणं रद्द झालं तर फोन करून जागा सोडा. तुम्ही पोचला नाहीत तर हट सांभाळणारा तुमच्या शोधासाठी माणसं पाठवू शकतो.

गाइड परत फिरला म्हणून वाद घालणं

"इतके पैसे भरलेत, ढग तर थोडेच आहेत." हे वाक्य मी आपल्या माणसांच्या तोंडून तीनदा ऐकलंय आणि तिन्ही वेळा मान खाली गेली. 2018 च्या एप्रिलअखेरीस याच ओत रूटवर, व्हिन्येत हटपासून काही शे मीटरवर, वादळात वाट हरवलेल्यांना रात्र उघड्यावर काढावी लागली. सात जण गेले, त्यांत गाइडही होता. हट दिवसाउजेडी दिसली असती इतकी जवळ. गाइड 'परत' म्हणाला की सॅक उचलायची आणि वळायचं. बेतातच एक-दोन दिवस राखीव ठेवले तर हे सोपं जातं. मी दोन ठेवतो.

शेवटचं, परत आल्यानंतरचं. तुम्ही मेच्या सुरुवातीला घरी पोचता आणि महिनाभरात पाऊस येतो. दमलेलो आहोत म्हणून ओली सॅक तशीच माळ्यावर जाते. ती त्याच संध्याकाळी उघडा. बुटांतले आतले लायनर काढून पंख्याखाली वाळवा, ट्रान्सीव्हरचे सेल काढा, दोर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत पसरा. बूट माळ्यावर नकोत. येता-जाता नजरेस पडतील असे, दाराजवळच्या उघड्या फळीवर ठेवा.