केसांची सच्छिद्रता ओळखून निगा कशी राखावी

केसाच्या बाहेरच्या थरावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. ते घट्ट मिटलेले असले तर पाणी आत सहजी शिरत नाही, उचललेले असले तर लगेच शिरते आणि तितक्याच लवकर निघूनही जाते. केस पाणी किती घेतो व किती धरून ठेवतो, हीच त्याची सच्छिद्रता. पेल्यातल्या पाण्यात केस बुडतो की तरंगतो हे पाहण्याच्या पद्धतीवर मी विसंबणार नाही, कारण तेलाचा अंशही निकाल बदलतो. त्याऐवजी धुऊन वाळलेल्या केसांवर पाणी फवारावे. थेंब बराच वेळ वरच राहिले, तर सच्छिद्रता कमी समजावी. अशा केसांना हलके कंडिशनर पुरते.

ब्लीच, स्ट्रेटनिंग आणि कडक ऊन यांनी खवले उघडतात. अशा केसांना न्हाण्यापूर्वी खोबरेल तेल लावावे, कारण ते केसात शिरून प्रथिनांची झीज कमी करते, आणि न्हाल्यावर दाट कंडिशनर वापरावे.

सांगली जिल्ह्यात जत-आटपाडीकडे ज्यांना बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने न्हावे लागते, त्यांनी विशेष जपावे: क्षार साचून केस राठ होतात आणि फवारणीची परीक्षाही फसते. साठवलेले पावसाचे पाणी मिळाले, तर शेवटचे दोन तांबे त्याचेच घ्यावेत.