लेकराच्या कानाची मशीन: रोज सकाळी काय पाहायचं

मशीन बंद पडली तरी लहान लेकरू सांगत नाही. ते नुसतं हाकेला ओ देईनासं होतं आणि आपण म्हणतो, आज जरा चिडचिडं आहे. म्हणून मशीन त्याच्या कानात जाण्याआधी आपण ऐकायची.

त्यासाठी डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी दिसणारी स्टेथोक्लिप मिळते. मशीन देणाऱ्याकडून ती मागूनच घ्या. मशीन चालू करून क्लिपला जोडा, क्लिप आपल्या कानांत घाला आणि मशीनजवळ आ, ऊ, ई, म, स, श म्हणा. आवाज तुटक किंवा खरखरीत आला तर आधी सेल बदला. स्टिकर काढून सेल दोन-तीन मिनिटं उघडा ठेवा, मग घाला. हा सेल हवेतल्या ऑक्सिजनवर चालतो. एकदा स्टिकर काढलं की परत चिकटवून तो वाचत नाही. सेल बदलूनही फरक नसेल तर मोल्डच्या (कानाच्या मापाचा, कानात बसणारा भाग) नळीत मळ किंवा पाण्याचा थेंब अडकलाय का, ते उजेडात धरून पाहा.

डोक्याला तेल लावायचं असेल तर आधी लावा आणि हात साबणाने धुवा. माइकच्या बारीक छिद्रांत तेल गेलं की आवाज बसतो. यावर आजीशी वाद होणार, होऊ द्या.

मशीन घातल्यावर लेकराच्या मागे उभं राहून तेच सहा आवाज काढा, मध्ये कमी-जास्त वेळ थांबत. ऐकू आलं की त्याने एक झाकण टोपलीत टाकायचं. तुरीचे दाणे देऊ नका, नाका-कानात जातात. काल ऐकू आलेला ‘स’ आज सुटला तर वहीत लिहा आणि मशीन पुन्हा तपासा.

शिट्टी वाजते म्हणून आवाज कमी करू नका. मोल्ड नीट बसलाय का पाहा. बसूनही वाजत असेल तर कानात मळ असेल किंवा कान वाढून मोल्ड ढिला झाला असेल. वाढत्या लेकराचा मोल्ड दर काही महिन्यांनी बदलावाच लागतो. जिल्हा रुग्णालयात कान तपासायला न्याल तेव्हाच नव्या मोल्डचं विचारा.

रात्री मोल्ड मशीनपासून सोडवून कोमट साबणपाण्याने धुवा. नळीतलं पाणी ब्लोअरने (हाताने दाबायच्या रबरी फुग्याने) काढा, तोंडाने फुंकू नका, वाफ आत जाते. मशीनला मात्र पाणी लावायचं नाही. घाम कोरड्या फडक्याने पुसा, सेलचं दार उघडा आणि मशीन सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) घट्ट डब्यात ठेवा. पावसाळ्यात आणि कूलरच्या दिवसांत यात खंड नको. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांचा जोर संपला. मे महिन्यात टिनाखालच्या फळीवर किंवा उन्हातल्या गाडीत मशीन ठेवू नका.

सेलच्या दाराला लॉक असेल तर ते लावलेलंच असू द्या. वापरलेले सेल खिडकीत साठवू नका. लेकराने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी न करवता लगेच दवाखाना गाठा.