गेकोची तपासणी एकदाच करून भागत नाही
नवा गेको (पाळीव पाल) आणला की 60 ते 90 दिवस बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. चिमटा आणि पाण्याची वाटीही वेगळी. तळाला वाळूऐवजी टिश्यू पेपर अंथरा, म्हणजे विष्ठा लगेच दिसते. ताजा नमुना झाकणाच्या डबीत घालून त्याच दिवशी पशुवैद्यांकडे पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी निर्धास्त होऊ नका. क्रिप्टोस्पोरिडियम हा आतड्यातला परजीवी जंतू दर वेळी विष्ठेतून बाहेर पडतोच असं नाही, म्हणून काही दिवसांनी पुन्हा तपासा, शक्यतो पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी). शेपूट काडीसारखी बारीक होऊ लागली, तर ते याच संसर्गाचं लक्षण असू शकतं, तेव्हा मात्र वाट बघत बसू नका. आणि हो, ब्लीचवर भिस्त नको, हा जंतू त्याला दाद देत नाही. भांडी उकळून घ्या. नव्याची साफसफाई नेहमी सगळ्यात शेवटी करा.