एका घरात तीन तऱ्हांचे केस: आधी ओळखा, मग जपा

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी तीन तऱ्हांचे केस आहेत. आईचे सरळ, तेल न लावताही चपचपीत बसणारे. माझे लहरी. आणि भावाच्या मुलीचे दाट कुरळे, बोटात बट घेतली की अंगठीसारखी गुंडाळणारे. तरी वर्षानुवर्षं न्हाणीघरात शाम्पूची बाटली एकच आणि कपाटावर फणीही एकच. एका रविवारी भाचीनं विचारलं, "आत्या, माझे केस नीट कधी होणार?" नऊ वर्षांच्या मुलीला आपले केस बिघडलेले आहेत असं वाटावं, हे मला फार लागलं. कुरळे केस म्हणजे बिघडलेले सरळ केस नव्हेत. त्यांची घडण निराळी असते, म्हणून त्यांची निगाही निराळी. त्या रविवारपासून घरात जे बदललं आणि उपयोगी पडलं, ते इथे क्रमानं लिहिते आहे.

पहिली पायरी: केस ओळखा

एक दिवस केस धुवा आणि नंतर काहीच करू नका. तेल नको, कंडिशनर नको, विंचरणंही नको. सावलीत आपोआप वाळू द्या. पुरते वाळल्यावर एक केस पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. तो सुतासारखा पडला तर सरळ. सैल नागमोडी दिसला तर लहरी. पेन्सिलीभोवती गुंडाळल्यासारखी कडी झाली तर कुरळा. आणि अगदी बारीक स्प्रिंगसारखा किंवा दातेरी वळणांचा असेल तर अतिकुरळा. अमेरिकेतल्या आंद्रे वॉकर या केशरचनाकारानं १९९०च्या दशकात याच चार प्रकारांना १ ते ४ आकडे दिले आणि अक्षरं लावून त्यांचे पोटभेद केले. इंटरनेटवर '२ब', '३अ' असं जे दिसतं ते तिथूनच आलेलं. आपला आकडा नेमका कोणता, यावर मात्र डोकं शिणवू नका. एकाच डोक्यावर मानेपाशी कड्या आणि टाळूवर नुसत्या लहरी, असं सर्रास असतं.

हा फरक त्वचेतच ठरतो. केस ज्या मुळाच्या पिशवीतून उगवतो तिचा आकार गोल असेल तर केस साधारण सरळ येतो. पिशवी लंबगोल आणि वाकडी असेल तर तो वळत वर येतो. टाळूवर पाझरणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज घसरत शेंड्यापर्यंत जातं. कुरळ्या केसावर त्याला प्रत्येक वळण चढावं-उतरावं लागतं, आणि ते वाटेतच अडतं. म्हणून आईचे केस दोन दिवसांत तेलकट होतात आणि भाचीचे शेंडे कायम कोरडे राहतात. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आणखी दोन गोष्टी तपासा. एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून चोळा. बोटांना जेमतेम जाणवला तर तो बारीक, आणि शिवणाच्या दोऱ्यासारखा जाणवला तर जाड. 'बारीक' आणि 'विरळ' यांत गल्लत करू नका, कारण बारीक केसही खूप दाट असू शकतात. दुसरं म्हणजे, धुतल्यावर केस वाळायला किती वेळ घेतात ते बघा. लवकर भिजून लवकर वाळणारे केस बहुधा रंगानं, उष्णतेनं किंवा उन्हानं झिजलेले असतात आणि त्यांना जास्त सांभाळावं लागतं. पाण्याच्या पेल्यात केस टाकून तो तरंगतो की बुडतो हे बघण्याची चाचणी सगळीकडे सांगतात. तिच्यावर माझा भरवसा नाही. केसावर तेलाचा नुसता अंश असला तरी निकाल बदलतो.

दुसरी पायरी: पाणी बघा

इंदूरकरांनी ही पायरी मुळीच गाळू नये. नर्मदेचं पाणी जलूदहून पंपांनी चढवून १९७८पासून शहरात येतं, पण बहुतेक घरांत ते एक दिवसाआड. मधल्या दिवशी बोरिंग. बोरिंगच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो, तोच केसांवरही बसतो. मग केस राठ होतात, कंगवा अडतो, शाम्पूला फेस येत नाही, आणि आपण शाम्पूला दोष देत राहतो.

घरच्या घरी ताडून बघायला दोन बाटल्या घ्या. एकीत नर्मदेचं पाणी आणि दुसरीत बोरिंगचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा तेवढाच कीस टाकून हलवा. जिथे फेस येणार नाही आणि दह्यासारखा चोथा दिसेल ते पाणी जड. तुरटी फिरवल्यानं पाणी निवळतं, जडपणा जात नाही.

आम्ही केस धुण्याचे दिवस नर्मदेच्या दिवशी बांधून टाकले. ते जमलं नाही तर निदान शेवटचे दोन तांबे नर्मदेचे. तेही नसेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून त्यानं केस खळबळून घ्या. क्षारांचा थोडा थर सुटतो आणि केसाच्या वरचे खवले चापून बसतात. लिंबू थेट केसांवर पिळू नका, टाळूची आग होते.

तिसरी पायरी: धुणं

सरळ आणि तेलकट केस दोन-तीन दिवसांनी धुतले तरी चालतात. लहरी आठवड्यातून दोनदा. कुरळे एकदा, फार तर दोनदा. केस कसेही असोत, शाम्पू टाळूला लावायचा. शेंडे चोळायची गरज नाही, वरून वाहून येणाऱ्या फेसानं ते स्वच्छ होतात. शाम्पू मगभर पाण्यात कालवून घेतला तर कुरळ्या दाट केसांतही सगळीकडे पोहोचतो. कंडिशनरचं उलट: लांबीवर आणि शेंड्यांना लावायचा, मुळांना नाही. अंगाचा साबण मात्र केसांना नकोच. तो अल्कधर्मी असतो आणि खवले उचकटून ठेवतो.

शिकेकाई-रिठ्याबद्दल मला नेहमी विचारतात. दोन्हींत फेस आणणारं सॅपोनिन असतं, त्यामुळे मळ खरोखर निघतो. सियागंज बाजारातून आणलेली पूड थेट केसांत घातली तर कुरळ्या केसांत कण अडकून बसतात आणि दोन दिवस निघत नाहीत. अख्ख्या शेंगा आणि रिठे रात्री भिजवा, सकाळी उकळा, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा आणि ते पाणी वापरा. डोळे मिटून ठेवा. सरळ तेलकट केसांना हे फार छान मानवतं. कुरळ्या केसांना त्यानं कोरडेपणा येतो, म्हणून आधी तेल हवंच.

शाम्पू हा शब्द आपल्याच चंपीच्या कुळातला आहे. मूळचे बिहारचे शेख दीन महंमद यांनी १८१४ साली इंग्लंडात ब्रायटनला स्नानगृह काढलं, आणि तिथे 'शाम्पू' म्हणजे मालिश होती.

चौथी पायरी: गुंता काढणं

सगळ्यात जास्त केस इथेच तुटतात. शाळेत असताना सकाळी सात वाजता मला पाटावर बसवून, कोरड्या केसांत, बारीक दातांची फणी मुळापासून खाली ओढली जायची. कटकट आवाज यायचा, डोळ्यांत पाणी यायचं, मग दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबिनी. करणारीचा हात मायेचा होता, पण पद्धत सरळ केसांची होती.

कुरळे केस ओले असताना, कंडिशनर लावलेलं असताना, बोटांनी किंवा रुंद दातांच्या कंगव्यानंच सोडवायचे. डोक्याचे चार भाग करा, दाट असतील तर सहा. एक भाग मोकळा ठेवून बाकीचे पिळून चिमट्यात अडकवा. बट एका हातानं गाठीच्या वर घट्ट धरा, म्हणजे ओढ मुळापर्यंत पोहोचत नाही. कंगवा शेंड्यापासून सुरू करा. दोन बोटं सुटली की दोन बोटं वर. गाठ अडली तर कंगवा बाजूला ठेवा आणि बोटांनी एकेक केस बाजूला काढा. भाचीचं पूर्ण डोकं पहिल्यांदा सोडवायला मला पाऊण तास लागला. ती एकदाही 'आई गं' म्हणाली नाही. आता वीस मिनिटं पुरतात.

सरळ केसांचं वेगळं. ओला केस ताणला जातो आणि अशक्त असतो, त्यामुळे सरळ केस बरेचसे वाळू द्या आणि मग विंचरा. लहरी केसवाल्यांनी ओलेपणी एकदाच रुंद कंगवा फिरवावा. वाळल्यावर विंचरलं की लहरी विस्कटून झिंज्या होतात.

गुंतवळ टाकण्याआधी उजेडात बघा. केसाच्या एका टोकाला पांढरा बारीक ठिपका दिसला तर तो वेळ भरून मुळातून गळलेला आहे. दिवसाला ५० ते १०० केस असे गळणं नैसर्गिक आहे. कुरळ्या केसांत ते अडकून राहतात आणि धुण्याच्या दिवशी एकदम मूठभर निघतात, त्यानं घाबरू नका. ठिपका नाही आणि तुकडे आखूड आहेत, तर केस तुटताहेत. मग चूक कंगव्यात, पाण्यात किंवा उष्णतेत शोधा.

पाचवी पायरी: वाळवणं

जाड टॉवेलनं खसाखसा पुसू नका. आजोबांचा जुना मऊ पंचा सगळ्यात चांगला. कुरळे केस ओंजळीत घेऊन शेंड्याकडून वर दाबत पाणी टिपा. ओल्या केसांतच जवसाचं पाणी लावा. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळा, अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरू लागलं की गरम असतानाच गाळा, गार झालं की गाळता येत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. वाळल्यावर केस कडक लागतील. तेलाचे दोन थेंब हाताला चोळून मुठीत हलके दाबले की कडकपणा जातो आणि कड्या राहतात. पावसाळ्यात हे विशेष कामाचं, कारण दमट हवा केसात शिरली की कड्या सुटून केस पिंजारतात.

सहावी पायरी: तेल

खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल ताडून पाहिलं, तेव्हा केसातल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलानं कमी झाली. धुण्याआधी काही तास किंवा आदल्या रात्री लावा. कुरळ्या केसांना शेंड्यांपर्यंत भरपूर, बारीक सरळ केसांना अगदी थोडं. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला, राजवाड्याकडे निघायच्या आदल्या रात्री आम्ही सगळ्याच भरभरून तेल लावतो आणि घट्ट नाही पण बंद वेणी घालतो, त्यामुळे रंग धुऊन लवकर निघतो.

कोंडा असेल तर मात्र तेल थांबवा. कोंड्यामागे मॅलासेझिया नावाची बुरशी असते आणि ती तेलावर पोसते. औषधी शाम्पूनं आधी कोंडा घालवा. आणि तेलानं केसाचा आकार बदलत नाही, वाढीचा वेगही नाही. तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच असतो.

थोडं सांभाळायचं

रोज एकाच ठिकाणी ताणून बांधलेल्या वेणीनं कपाळावरची केसांची रेघ मागे सरकते, लहान मुलींचीसुद्धा. केस सरळ करून घेण्याच्या काही रसायनांतून फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते आणि ती कर्करोगकारक आहे. करायचंच असेल तर आधी विचारा की त्यात काय आहे. शिवाय मुळांतून कुरळेच केस येत राहतात. जावळ काढल्यानं केस दाट येत नाहीत. वयात येताना किंवा बाळंतपणानंतर केसांची जात बदलू शकते, तेव्हा पुन्हा पहिली पायरी करा. टायफॉइड, डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळतात आणि बहुधा परत येतात. गोल चाई पडली, टाळूवर जखमा झाल्या किंवा गळणं थांबेना, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

शेवटची पायरी: शेंडे कापणं

फाटे फुटलेला शेंडा कुठल्याच तेलानं जुळत नाही, तो कापावाच लागतो. दर तीन-चार महिन्यांनी थोडे कापा. कुरळे केस कोरडे असतानाच कापायला सांगा. भाचीला एका पार्लरमध्ये नेलं होतं, तिथे केस ओले करून, ताणून, खांद्याच्या रेषेत कापले. घरी येईपर्यंत वाळले आणि थेट कानापर्यंत चढले. आता ती खुर्चीत बसल्या बसल्या एक बट हातात घेते, न ताणता सोडते, ती जिथे थांबते तिथे बोट ठेवते आणि ताईंना म्हणते, "इथून एवढंच."