बंद ट्रेलर घेताय? बंपर-पुल की गूजनेक ठरवताना या चुका टाळा

अमेरिकेत ट्रॅक-डेला, म्हणजे रेसट्रॅकवर गाडी पळवायच्या दिवशी, स्वतःची गाडी न्यायची असेल, किंवा जुनी जपलेली गाडी पावसापासून आणि बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठापासून वाचवत दुसऱ्या राज्यात न्यायची असेल, तर बंद ट्रेलरला पर्याय नाही. त्याचे दोन प्रकार: बंपर-पुल पिकअपच्या मागे हिचच्या, म्हणजे जोडणीच्या, गोल बॉलवर लागतो; गूजनेकची पुढे आलेली मान पिकअपच्या बेडमध्ये (मागच्या उघड्या हौद्यात) बसवलेल्या बॉलवर टेकते. पण बहुतेक जण सुरुवातच उलटी करतात: आधी ट्रेलर पसंत करतात आणि मग आपला पिकअप तो ओढेल का, हे शोधत बसतात. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना तर याची सवयच नसते. तिकडे गाडी हलवायची म्हणजे फोन करून फ्लॅटबेड बोलवायचा. इथे हिच, ब्रेक, वजन, परवाना, सगळी जबाबदारी चालवणाऱ्याची.

टो रेटिंग बघून ट्रेलर घेणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जाहिरातीत हाफ-टन पिकअप (मोठ्या पिकअपमधला सगळ्यात हलका वर्ग; त्यावर थ्री-क्वार्टर-टन आणि वन-टन) ११,००० पौंड ओढतो असं लिहिलेलं असतं. आकडा खोटा नसतो, पण बंद ट्रेलरवाल्याच्या तो कामाचाही नसतो. ओढायची ताकद संपायच्या कितीतरी आधी पेलोड, म्हणजे पिकअपने स्वतःच्या अंगावर पेलायचं वजन, संपतो. ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते छापलेलं असतं. तो आकडा फक्त तुमच्या त्या एका गाडीचा. शेजाऱ्याचा पिकअप त्याच मॉडेलचा असला तरी त्याचा आकडा वेगळा निघेल, कारण सनरूफ, फोर-बाय-फोर, मोठी चाकं हे सगळं त्यातूनच वजा होतं. आणि ट्रेलर हिचवर जेवढा भार टाकतो, तोही त्यातूनच जातो.

हिशेब करून बघा. २४ फुटी बंपर-पुल रिकामा ४,३०० पौंड. आत ३,५०० पौंडांची गाडी. सुटे टायर, जॅक, हत्यारं, पेट्रोलचे कॅन मिळून ९००. एकूण ८,७००. बंपर-पुलमध्ये एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यायलाच हवा. १३ टक्के धरले तर साधारण १,१३०. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे (बारच्या ताणाने भार पुढच्या चाकांकडे वाटणाऱ्या हिचचे) स्वतःचे १०० पौंड, पुढे बसलेली दोन माणसं ३६०. झाले १,५९०. क्रू-कॅब (चार दारांच्या) हाफ-टनच्या स्टिकरवर बरेचदा १,४०० ते १,९०० असतात. तुमच्या स्टिकरवर १,५६० असतील, तर बेडमध्ये एक पिशवीही न ठेवता मर्यादा ओलांडली.

पुढे जे होतं ते ठरलेलं असतं. पिकअपचा मागचा भाग बसलेला दिसतो, हेडलाइट आभाळाकडे बघतात. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘गाडी जरा मागे घे, हिचवरचं वजन उतरेल.’ वजन उतरतं, हे खरं. २४ फुटी ट्रेलरमध्ये बॉलपासून एक्सलच्या मध्यापर्यंत साधारण साडेअठरा फूट भरतात. ३,५०० पौंडांची गाडी दोन फूट मागे सरकवली की हिचवरचे जवळजवळ ३८० पौंड कमी होतात. पिकअप सरळ दिसायला लागतो, सगळे खूश. पण १,१३० चे ७५० झाले, म्हणजे १३ टक्क्यांचे साडेआठ. शहरात, ४५ मैलांच्या वेगात काहीच जाणवत नाही. मग महामार्गावर उतार लागतो, वेग ६८ वर जातो, बाजूने मोठा ट्रक पुढे निघतो आणि त्याच्या हवेने ट्रेलरचं शेपूट एकदा डावीकडे जातं, एकदा उजवीकडे. दुसरा झोका पहिल्यापेक्षा मोठा, तिसरा त्याहून मोठा. घाबरलेला माणूस पिकअपचा ब्रेक दाबतो. पिकअप मंदावतो, ट्रेलर मागून ढकलतो आणि झोका आणखी वाढतो. ट्रेलर आडवा होऊन पिकअपलाही घेऊन पडतो तो असा.

झोका सुरू झालाच तर करायचं एवढंच: अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, पिकअपच्या ब्रेकला पाय लावू नका आणि ब्रेक कंट्रोलरचा हाताचा लिव्हर दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. म्हणजे ट्रेलर मागे ओढला जाऊन सरळ होतो. हा लिव्हर अंधारातही न बघता सापडला पाहिजे, म्हणून निघण्यापूर्वी रिकाम्या पार्किंगमध्ये तो दहा वेळा दाबून बघा.

खरा उपाय मात्र काट्यावरच. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. गाडी भरून, टाकी भरून, नेहमीची माणसं बसवून, वेट डिस्ट्रिब्युशनचे बार सैल करून एकदा वजन करा. मग ट्रेलर बाजूला सोडून, तीच माणसं बसवून नुसत्या पिकअपचं वजन करा. दोन्ही वेळच्या पिकअपच्या एक्सलच्या बेरजेतला फरक म्हणजे हिचवरचा भार. तो बरोबर आला की गाडीच्या पुढच्या चाकांची जागा ट्रेलरच्या तळावर रंगाने आखून ठेवा. दर वेळी अंदाजाने गाडी उभी करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण दोन मिनिटांच्या आळसासाठी ते शेजारच्या लेनमधल्या कुटुंबाचा जीव धोक्यात घालतात. इंजिन मागे असलेली ९११ सारखी गाडी असेल तर ती उलटी चढवून बघा. गाडीचं निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकांवर असल्याने दिशा बदलली की सगळं गणित बदलतं.

आणि वेट डिस्ट्रिब्युशन हिच पेलोड वाढवत नाही. पुढच्या चाकांवरचा उचलला गेलेला भार ती परत खाली आणते, एवढंच. रिसीव्हरच्या (पिकअपच्या फ्रेमवरच्या, हिच अडकवायच्या चौकोनी नळीच्या) लेबलवर या हिचसह आणि तिच्याशिवाय असे दोन वेगळे आकडे असतात, ते दोन्ही वाचा.

‘मग गूजनेकच घेतो’ म्हणून त्याच पिकअपला गूजनेक लावणं

गूजनेक जास्त स्थिर असतो, यात वाद नाही. त्याचा बॉल बेडमध्ये, मागच्या एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे असतो. बंपर-पुलचा बॉल एक्सलच्या चार-पाच फूट मागे असतो आणि ट्रेलरला पिकअपचं शेपूट हलवायला तरफेसारखा तेवढा दांडा मिळतो. गूजनेकमध्ये तो दांडाच राहत नाही. आय-८० वर वायोमिंगमधल्या आडव्या वाऱ्यात हा फरक लगेच कळतो.

पण गूजनेक २० ते २५ टक्के भार पिकअपवर टाकतो. ३६ फुटी बंद गूजनेक रिकामाच साडेसात-आठ हजार पौंडांच्या घरात. गाडी आणि सामान मिळून १३,००० धरा, तर २० टक्के म्हणजे २,६००. डिझेल क्रू-कॅब थ्री-क्वार्टर-टनचा पेलोड बरेचदा २,२०० च्या आसपास असतो. डिझेल इंजिन जड असल्यामुळे तेच मॉडेल पेट्रोलमध्ये जास्त पेलोड देतं, हे पुष्कळांना पटतच नाही. तेव्हा मोठा गूजनेक म्हणजे मागे चार चाकांचा वन-टन ड्युअली, हे गृहीत धरूनच पैशांचा हिशेब करा.

माझं मत स्पष्ट आहे. एकच गाडी, २४ फुटांपर्यंतचा ट्रेलर, वर्षातून मोजक्या खेपा: थ्री-क्वार्टर-टन पेट्रोल आणि ९,९९० पौंडांचा (मालासकट कमाल वजन) बंपर-पुल. दोन गाड्या, किंवा गाडीसोबत झोपायची सोय: ड्युअली आणि गूजनेक. मधला रस्ता शोधणारे शेवटी दोनदा खरेदी करतात.

७,००० पौंडांचा ट्रेलर स्वस्त मिळाला म्हणून उचलणं

३,५०० चे दोन एक्सल, म्हणून ७,०००. त्यातून ट्रेलरचे स्वतःचे ३,४०० वजा करा. राहिले ३,६००, म्हणजे एक मस्टँग कशीबशी आणि हत्यारांची पेटी घरी. ५,२०० चे दोन एक्सल असलेलाच घ्या.

परवान्याचा विचार शेवटी करणं

पिकअप आणि ट्रेलरची मिळून ठरलेली वजनाची मर्यादा २६,००१ पौंड किंवा जास्त आणि ट्रेलरची १०,००० च्या वर, की व्यावसायिक वापरासाठी क्लास ए सीडीएल (व्यावसायिक वाहन परवाना) लागतो. इथे पाटीवरचा कमाल वजनाचा आकडाही धरतात, त्यामुळे ट्रेलर अर्धा रिकामा असला तरी सुटका नाही. १४,००० चा ड्युअली आणि १४,००० चा गूजनेक म्हणजे २८,०००. स्वतःची गाडी हौसेने नेत असाल तर राज्याचे नियम लागू होतात आणि ते एकसारखे नाहीत. कॅलिफोर्नियात १०,००० वरच्या ट्रेलरला बिगर-व्यावसायिक क्लास ए मागतात आणि जोडगाडीची लांबीही ६५ फुटांत बसवावी लागते. बाजारात इतके ट्रेलर नेमके ९,९९० चे का असतात, ते यावरून कळेल. विमा घेण्याआधी आपल्या राज्याच्या डीएमव्हीचं (वाहन-परवाना खात्याचं) पान वाचा.

गूजनेकची मोजमापं न घेणं

बेडच्या कडा आणि ट्रेलरचा खालचा भाग यांत सहा इंच अंतर हवं, नाहीतर खड्ड्यात कडा चेपतात. आखूड बेडवर काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा कॅबची मागची काच फोडू शकतो. गूजनेक वळणात आतली बाजू जास्त कापतो, त्यामुळे पेट्रोल पंपाच्या खांबांना पहिला फटका तोच देतो. पुढून वर उचललेला ट्रेलर टॉर्शन एक्सलवर (स्प्रिंगऐवजी रबराच्या पिळावर चालणाऱ्या) असेल तर मागचा एक्सल जास्त भार घेतो आणि त्याचे टायर आधी जातात. पट्ट्यांच्या स्प्रिंगवर इक्वलायझर (दोन एक्सलच्या स्प्रिंगना जोडणारा झुलता दांडा) तो भार वाटून घेतो, टॉर्शनमध्ये तशी सोय नसते.

गाडी आत घेऊन दार न उघडणं

ट्रेलर बाहेरून १०२ इंच रुंद असला तरी आतल्या दोन्ही बाजूंच्या, चाकांवरच्या पेट्यांच्या मधे ८२-८३ इंचच मिळतात. गाडी आत गेली की दार पेटीला अडतं आणि माणूस खिडकीतून बाहेर पडतो. बाजूला एस्केप डोअर (गाडीचं दार उघडता येईल असं मोठं दार) असलेला ट्रेलर घ्या किंवा विंच (गाडी तारेने आत ओढणारं यंत्र) बसवा. खरेदीच्या दिवशी स्वतःची गाडी नेऊन चढवून बघा, मापं कागदावर जुळवू नका.

पट्टे

दोन इंची रॅचेट पट्टा १०,००० पौंडांना तुटतो, पण त्यावर कामाचा भार ३,३३३ चाच धरायचा. चार पट्टे, चारही कोपऱ्यांना, मागचे एकमेकांना छेद देऊन. डी-रिंग (पट्टा अडकवायची कडी) नुसत्या प्लायवूडला स्क्रूने बसवलेली नसावी, खालच्या लोखंडी आडव्याला बोल्ट केलेली हवी. निघाल्यावर १०-१५ मैलांवर थांबून पुन्हा ताणा.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

बंपरला भोक पाडून बसवलेल्या बॉलवर असा ट्रेलर कधीही नाही, फ्रेमला बोल्ट केलेला रिसीव्हरच हवा. कपलर (बॉल पकडणारा ट्रेलरचा भाग) बंद केला की जॅकने ट्रेलरचं तोंड इंच-दोन इंच उचला. पिकअपची मागची बाजू सोबत उचलली गेली तरच बॉल खरा पकडला गेला. साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेद देऊन लावा. ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या यंत्रणेची) बॅटरी उन्हाळ्यात तपासा आणि हिवाळ्यानंतरही. टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, नक्षी कितीही छान दिसली तरी जुने टायर काढून टाका. एसटी २२५/७५ आर १५ लोड रेंज ई टायर ८० पीएसआयवर २,८३० पौंड पेलतो, कमी हवेवर नाही, तेव्हा थंड टायरमध्ये पूर्ण ८० भरा. चाक काढून बसवलं असेल तर नट १०, २५ आणि ५० मैलांवर टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. अर्ध्या इंचाच्या स्टडला ९० ते १२० फूट-पौंड.