मराठी नामाचे अनेकवचन कोडमधून कसे काढावे

शब्दाचा शेवट पाहून प्रत्यय लावणारे फंक्शन इंग्रजीत बरेच निभावते, मराठीत पहिल्याच पायरीला अडखळते. ओसाड ‘माळ’ पुल्लिंगी, अनेकवचनातही ‘माळ’च, फुलांची ‘माळ’ स्त्रीलिंगी, तिच्या ‘माळा’. म्हणून फंक्शनला शब्द आणि लिंग, दोन्ही द्या.

आधी मजकूर एनएफसी रूपात (युनिकोडने ठरवलेल्या एकसारख्या, जोडलेल्या रूपात) आणा. ‘ऱ’ कधी एकच कोड पॉइंट (युनिकोडमधला चिन्हाचा क्रमांक) असतो, कधी ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचा बिंदू). दिसायला सारखाच, तुलनेत मात्र वेगळा. मग अपवादांची यादी तपासा, नियम त्यानंतर: मुलगी–मुली (नियम ‘मुलग्या’ देईल), स्त्री–स्त्रिया, बायको–बायका. काका, मामा बदलत नाहीत.

पुल्लिंगात आकारान्ताचा एकार होतो (घोडा–घोडे), बाकीचे तसेच (देव, कवी, लाडू). नपुंसकलिंगात घर–घरे, तळे–तळी, पाखरू–पाखरे. स्त्रीलिंग सर्वात त्रासदायक: वीट–विटा पण भिंत–भिंती. यातले ‘आ’ की ‘ई’ हे कोणत्याही रेजेक्सला (अक्षरांचा साचा जुळवणाऱ्या सूत्राला) कळणार नाही, ते शब्दकोशात प्रत्येक शब्दापुढे नोंदवावेच लागते. आकारान्त शाळा, भाषा तशाच राहतात.

नदीचे ‘नद्या’ करताना शेवटची वेलांटी काढून हलन्त, य आणि काना असे तीन कोड पॉइंट जोडायचे. अकारान्त शब्दाच्या शेवटी मात्रेचे चिन्हच नसते, तिथे काढायचे काही नाही. ‘दोरी’ला तीच युक्ती लावली की रफार येऊन ‘दोर्या’ उमटते, हवे ‘दोऱ्या’. त्यामुळे ‘या’ जोडण्यापूर्वी शेवटचा ‘र’ बदलून ‘ऱ’ करा. ही चूक चाचणीत हटकून निसटते, कारण नमुन्याला नदी आणि गाडीच घेतलेली असते.

उपान्त्य दीर्घ ई-ऊ ह्रस्व होतात: फूल–फुले, जमीन–जमिनी. शब्द तीन अक्षरी आणि पहिले अक्षर दीर्घ असेल तर त्या ई-ऊच्या जागी ‘अ’ येतो: लाकूड–लाकडे, बेरीज–बेरजा. तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या) शब्दांना हे दोन्ही नियम लागू नाहीत (गीत–गीते, शरीर–शरीरे), म्हणून नोंदीत ‘तत्सम’ हा तिसरा रकाना ठेवा.

‘ला’, ‘चा’ जोडायचे तर सामान्यरूप (प्रत्ययाआधी शब्दाचे होणारे रूप) हवे, आणि अकारान्त स्त्रीलिंगात ते अनेकवचनावरूनच निघते. ‘विटा’ असेल तर विटेला, ‘भिंती’ असेल तर भिंतीला. अनेकवचनी रूपाला नुसता अनुस्वार: विटांना, भिंतींना. पुल्लिंगी ‘घोडे’ मात्र इथे उपयोगी नाही, ‘घोड्या’ हे रूप मूळ शब्दापासूनच करा: घोड्याला, घोड्यांना.

उलट दिशेला, म्हणजे अनेकवचनावरून एकवचन काढायला, नियम लिहूच नका. घोडे, घरे, पाखरे तिन्ही एकारान्त, पण एकवचने घोडा, घर, पाखरू. पूर्ण कोशाची अनेकवचने एकदा तयार करून उलटा निर्देशांक (अनेकवचनावरून मूळ शब्द सांगणारी यादी) साठवा, आणि एका रूपाला दोन मूळ शब्द सापडले तर दोन्ही परत द्या.