चामड्यावरचे सोल्युशनचे डाग: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

पाकीट, पट्टा, पिशवी शिवायला शिकताना सगळं लक्ष आरीकडे आणि टाक्यांकडे असतं. माल घेणारा मात्र वस्तू उजेडात तिरकी धरून आधी कडा बघतो. तिथे सोल्युशनची (चामडं चिकटवायच्या रबरी गोंदाची) चकाकी किंवा रंग न चढलेला फिकट ठिपका दिसला, की टाके कितीही सरळ असोत, भाव पडतो. म्हणून शिकायला येणाऱ्यांना मी शिलाईआधी सोल्युशन लावायला बसवतो.

चामडं कोणतं आहे, यावर सगळं अवलंबून असतं. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेल्या, वरून फिनिश चढवलेल्या चामड्यावर सोल्युशन पृष्ठभागावरच राहतं आणि सहज निघतं. बाभळीची साल, हिरडा वापरून कमावलेलं कोरं चामडं ते शोषून घेतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच जातीचं. त्याच्या छिद्रांत सोल्युशन बसलं की तिथे रंग शिरत नाही. डाग तेव्हा दिसत नाही, रंग लावल्यावर उमटतो. त्यामुळे आधी रंग, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग चिकटवायचं. मात्र रंगवलेल्या गुळगुळीत बाजूवर पकड कमी येते. जोडायची तीन-चार मिलिमीटरची पट्टी रापीने (चामडं तासायच्या सुरीने) किंवा सँडपेपरने खरवडून घ्या.

सोल्युशन जोडायच्या दोन्ही बाजूंना पातळ लावा, ब्रश आतून कडेकडे न्या. बोट टेकवल्यावर बोटाला लागेनासं झालं की मगच दाबा. घाई करून ओलं असताना दाबलं तर ते कडेतून बाहेर येतं, आणि बहुतेक डाग इथेच पडतात.

डाग पडलाच तर हात आवरा. ओलं सोल्युशन फडक्याने पुसू नका, ते पसरतं आणि आत जातं. वाळू द्या, मग क्रेप रबराच्या तुकड्याने हलकं घासा. गोळ्या होऊन निघतं. थिनर मी कोऱ्या चामड्यावर वापरूच देत नाही. तो सोल्युशन पातळ करून आणखी खोल नेतो, आणि फिनिश असेल तर तेही उतरवतो.

पांढऱ्या गोंदाचं उलटं आहे: तो ओला असतानाच दमट स्पंजने टिपायचा. कोऱ्या चामड्यावर तेवढीच जागा ओली केली तर पाण्याची कड उमटते, म्हणून तो आख्खा तुकडाच सारखा दमट करावा.

कडेला सोल्युशनची रेघ राहिली तर कडेला रंग लावण्याआधी घासून काढा. आणि खरंच काही निघालं नाही, तर तो भाग पुन्हा कापा. पिगमेंटचा (आत न शिरता वरच बसणाऱ्या रंगाचा) गडद थर डाग झाकतो, पण चामड्याचं अंगही झाकतो; चांगल्या चामड्यावर मला तो मान्य नाही.

काम खिडकी उघडी ठेवूनच करा. सोल्युशनमध्ये टोल्युईन, हेक्सेन असू शकतं. हेक्सेनची वाफ रोज, वर्षानुवर्षं श्वासात गेली तर हातापायांच्या नसांना इजा होते.